टीएसएच आधी सुधारतो, पोटऱ्या नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाई ४२ वर्षांच्या, शिक्षिका, वजन ७१ किलो. जानेवारीत फार थकवा येतो म्हणून रक्त तपासलं तर टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडला की वाढणारं पिट्युटरी ग्रंथीचं हार्मोन, ४६. अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉइडवर उलटलेल्या अँटिबॉडी, वाढलेल्या. थायरॉक्सिन या थायरॉइड हार्मोनची ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली, सहा आठवड्यांनी ७५ ची. आता साडेतीन महिन्यांनी टीएसएच ८.२ आहे. मधल्या काळात ‘वजन थायरॉइडमुळेच वाढलंय, आता घाम गाळायचा’ असं ठरवून त्यांनी जिम लावली आणि रात्रीचं जेवण सोडलं. ट्रेनरने पहिल्याच आठवड्यात उड्या, बर्पी, स्क्वॉट सगळं करून घेतलं. दोन दिवस जिना उतरता येईना, तिसऱ्या दिवशी शाळेला रजा. असं तीनदा झालं. वजन उतरलं दीड किलो. त्या विचारतात : “मॅडम, व्यायाम बंद करू की सहन करत रेटत राहू? सप्टेंबरात मैत्रिणींबरोबर साताऱ्याची हिल मॅरेथॉन पळायची होती, ते विसरूनच जाऊ का? आणि गोळी आयुष्यभर घ्यायचीच का? सर्वांगासनाने थायरॉइड जातो म्हणतात.”

दोन्ही नको. व्यायाम बंद करायचा नाही आणि रेटायचाही नाही. तुम्ही तीनदा अंथरुणाला खिळलात त्यात तुमची जिद्द कमी पडली असं काही नाही. ते व्यायामही वाईट नव्हते. ते तुम्ही सहा-आठ महिने आधी केलेत, एवढंच.

मी साताऱ्यात २७ वर्षं फिजिशियन म्हणून काम करते आणि २००९ पासून हीच गोळी स्वतः घेते. म्हणजे डॉक्टरच्या खुर्चीत आणि पेशंटच्या स्टुलावर, दोन्हीकडे बसून झालंय. माझं निदान व्हायला वर्ष गेलं, आणि त्याला जबाबदार मीच. दवाखान्याचा जिना चढताना मधल्या वळणावर थांबायला लागले तेव्हा म्हटलं, चाळिशी. आवाज बसला तेव्हा म्हटलं, दिवसभर बोलणं होतं. एका रविवारी ओली चादर पिळत होते. पीळ घातला आणि मूठ सुटेचना. म्हणजे दुखत नव्हतं, पण ‘सोड’ म्हटल्यावर बोटं सुटायला दोन-तीन सेकंद लागले. दुसऱ्याच्या बाबतीत हे लक्षण मी पाच मिनिटांत ओळखलं असतं. सोमवारी रक्त दिलं, टीएसएच ६१.

त्या न सुटणाऱ्या मुठीत तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे, म्हणून जरा तिथेच थांबते. स्नायूला दोन कामं असतात, आकसणं आणि सैल होणं. आकसताना पेशीच्या आतल्या कोठारातून कॅल्शियम बाहेर सुटतं. सैल होताना तेच परत कोठारात ओढून घ्यावं लागतं. हे ओढणारे पंप थायरॉइडच्या हुकमावर चालतात. हार्मोन कमी पडलं की पंप सुस्तावतात, आणि स्नायू आकसतो पण वेळेवर सैल होत नाही. आम्ही टाचेच्या वरच्या शिरेवर छोटी हातोडी मारतो तेव्हा हे डोळ्यांना दिसतं. पाऊल खाली जातं आणि परत येताना बँकेच्या काचेच्या दारासारखं सावकाश येतं. पोटरीत गोळे येणं, सकाळी अंग आंबल्यासारखं वाटणं, मांड्या भरून येणं यामागे बऱ्याच अंशी हेच असतं.

दुसरी गोष्ट इंधनाची. स्नायूत साठवलेली साखर फोडणं आणि पेशीतल्या भट्ट्या पेटत्या ठेवणं हेही थायरॉइडवर अवलंबून. ते मंदावलं की जोराच्या कामात स्नायू लवकर आंबतो. त्यातही चटकन ताकद लावणारे तंतू, म्हणजे उडी, धाव, झटका यांचे, जास्त मार खातात. सपाटीवर सावकाश चालणाऱ्या तंतूंचं त्या मानाने बरं असतं. आता तुमच्या जिमचं पहिल्या आठवड्याचं वेळापत्रक आठवा : उड्या, बर्पी, स्क्वॉट. जे तंतू सर्वांत दुबळे झाले होते नेमकं त्यांनाच कामाला लावलं. ट्रेनरला यातलं काही माहीत असण्याचं कारण नाही, आणि तुम्ही त्याला सांगितलंत का हेही तुमच्या पत्रात नाही.

काही वर्षांपूर्वी पोलीस भरतीची तयारी करणारा २२ वर्षांचा मुलगा आला होता. आमच्या भागात पहाटे रस्त्याकडेला पळणारी पोरं काही नवीन नाहीत. याचं १६०० मीटरचं टायमिंग तीन महिन्यांत सव्वा मिनिटाने वाढलं होतं. सोबतचे म्हणत, आळस करतो. गंमत अशी की पोटऱ्या मात्र पैलवानासारख्या टणक, फुगलेल्या. ॲकॅडमीतले सर त्याचं उदाहरण द्यायचे, पाय बघा याचे! मी उकिडवं बसवून ‘हात न टेकता ऊठ’ म्हटलं, तर उठता येईना. पोटऱ्या दिसायला भरदार आणि ताकद नाही, हा थायरॉइडच्या आजाराचा एक दुर्मिळ चेहरा आहे. तो वर्णन करणाऱ्या जर्मन डॉक्टरच्या नावाने त्याला हॉफमन सिंड्रोम म्हणतात. त्याचं सीपीके, म्हणजे स्नायू झिजले की रक्तात उतरणारं एन्झाइम, तीन हजारांच्या पुढे. टीएसएच शंभराच्या वर. आधी कुठेतरी एसजीओटी, म्हणजे लिव्हरच्या तपासणीतलं एक एन्झाइम, वाढलेलं दिसलं म्हणून त्याला दोन महिने लिव्हरचं टॉनिक चालू होतं. एसजीओटी स्नायूंतूनही येतं, हे घाईत विसरलं जातं. मी त्याचं पळणं बंद केलं तेव्हा तो माझ्यासमोर रडला. चौथ्या महिन्यात टीएसएच नॉर्मल आला, पण उकिडवं बसून सहज उठायला त्याला सातवा महिना लागला. ती भरती गेली ती गेलीच. पुढच्या वर्षी तो उतरला.

हा चार आणि सात यांमधला फरक ध्यानात ठेवा. रक्तात हार्मोन पोहोचलं की मेंदूतली पिट्युटरी समाधान पावते आणि टीएसएच खाली आणते. तुमच्या मांडीच्या तंतूंची डागडुजी झाली की नाही हे तिला माहीत नसतं. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आल्यावरही ‘मग मला अजून का थकवा?’ असं पेशंट विचारतात आणि घरचे म्हणतात, आता नाटकं पुरेत. नाटक नसतं. स्नायू मागून येत असतात, कुणाचे दोन महिन्यांत, कुणाचे सहा-आठ महिन्यांत. सगळ्यांचं इतकं बिघडलेलंही नसतं म्हणा. ज्यांचा टीएसएच नुसता सहा-सात आहे आणि फ्री टी४, म्हणजे रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन, नॉर्मल आहे, त्यांना यातलं बहुतेक काही लागू नाही. त्यांनी खुशाल पळावं.

तुमचं मात्र तसं नाही. तुमचा डोस अजून पुरा झालेला दिसत नाही. ग्रंथी जवळपास बंद पडली असेल तर थायरॉक्सिन ढोबळमानाने दर किलोला १.६ मायक्रोग्रॅम लागतं. ७१ किलोला हे साधारण ११४ होतं. ग्रंथी थोडीफार काम करत असेल तर कमी लागतं, म्हणून ७५ चुकीचं असं मी म्हणत नाही, पण ८.२ हा टीएसएच सांगतोय की अजून थोडं हवं. ते तुमच्या डॉक्टरांकडून वाढवून घ्या, मनाने नको. आणि घाई नको. या हार्मोनचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला सात दिवस लागतात, त्यामुळे डोस बदलल्यावर पातळी स्थिरावून टीएसएच खरं बोलायला सहा ते आठ आठवडे जातात. दर पंधरा दिवसांनी तपासणी करणारे लॅबचं भलं करतात. साठीच्या पुढे किंवा हृदयाचा आजार असेल तर सुरुवातच १२.५ किंवा २५ ने करतात, कारण वर्षभर मंद चाललेल्या हृदयाला एकदम चाबूक मारायचा नसतो.

डोस वाढवण्याआधी आहे तो पोटात जातोय का, हे बघा. तुम्ही लिहिलंय, ‘सकाळी गोळी, मग लगेच चहा, त्यासोबत कॅल्शियम.’ मी इथे तुम्हाला बोल लावणार नाही, कारण मी हेच केलंय. आठवड्याच्या गोळ्यांची ती सात कप्प्यांची डबी असते ना, त्यात मी सगळ्या सकाळच्या गोळ्या एकत्र भरल्या आणि एकत्र गिळल्या. चार महिन्यांत माझा टीएसएच २.९ वरून ९ वर गेला. कॅल्शियम आणि लोह आतड्यातच थायरॉक्सिनला धरून ठेवतात. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. ॲसिडिटीची औषधं, सोया, कॉफी हेही शोषण कमी करतात. गोळी अनशापोटी नुसत्या पाण्याबरोबर, आणि नंतर पाऊण-एक तास काही नाही.

हा एक तास लोकांना जड जातो. त्याला मी एकच उपाय सांगते : तो तास व्यायामाचा करा. उठलं की उशाशी ठेवलेली गोळी, ग्लासभर पाणी, तोंड धुऊन बाहेर. चालून घरी येईपर्यंत तास होतो आणि चहाही हक्काचा लागतो. माझे निम्मे पेशंट याच एका सवयीवर नियमित चालायला लागले. मधुमेहाचं इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर रिकाम्या पोटी लांब जाऊ नका, त्यांनी डॉक्टरांशी बोलून ही गोळी रात्री घ्यावी. जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना. रात्रीचीही तितकीच चालते. रोज तीच वेळ हवी, बस्स. बाटली गॅसच्या वरच्या फळीवर ठेवू नका, उष्णता आणि दमटपणा या औषधाला सोसत नाही. एखाद्या दिवशी राहिलीच तर आभाळ कोसळत नाही, आठवलं की त्याच दिवशी घ्या.

आता व्यायाम. इथून पुढचे सहा ते आठ आठवडे, टीएसएच जाग्यावर येईपर्यंत, जिम नको. सपाट रस्त्यावर वीस मिनिटं चाला. एकदम जमत नसेल तर सकाळ-संध्याकाळ दहा-दहा. वेग असा की शेजारणीशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. हातातल्या घड्याळावर जाऊ नका. २२० वजा वय हा हिशोब तुम्हाला सध्या लागू नाही. थायरॉइड कमी असताना श्रमाच्या मानाने नाडी चढतच नाही. घड्याळ सांगतं ‘तुम्ही आरामात आहात’ आणि इकडे पायांत शिसं भरलेलं. बोलण्याची कसोटी अशी फसवत नाही.

आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान दोन दिवसांची सुट्टी ठेवून, थोडं ताकदीचं काम. घरातल्या साध्या लाकडी खुर्चीवर बसा, हात छातीवर घ्या, उठा, आणि बसताना धपकन न बसता चार आकडे मोजत बसा. आठ वेळा. थांबा. पुन्हा आठ वेळा. मग भिंतीला हात टेकून दंड. मग कठडा धरून टाचा उचलणं, दहा वेळा. पहिल्या दिवशी एवढंच. ‘हे काय व्यायाम झाला?’ असं वाटेल. वाटू दे. खुर्चीतून तीस सेकंदांत किती वेळा उठता आलं ते दर रविवारी वहीत लिहा. टीएसएचपेक्षा हा आकडा तुमच्या मांड्यांबद्दल खरं सांगतो, आणि फुकट आहे.

वाढवायचं कधी? माझा नियम दोन दिवसांनंतरच्या सकाळचा. सोमवारी व्यायाम केला तर मंगळवारी थोडं अंग दुखणं ठीक. बुधवारी सकाळी जिना उतरताना कठडा धरावा लागला तर सोमवारचं काम जास्त झालं, पुढच्या वेळी निम्मं करा. बुधवारी काहीच नाही असं सलग दोन आठवडे गेलं तर वाढवा. आणि वाढवताना एकच गोष्ट वाढवा. वेळ वाढवलात तर वेग नाही, वेग वाढवलात तर चढ नाही. बहुतेकांचं इथेच बिघडतं. एका चांगल्या दिवशी सगळं एकदम वाढवतात आणि पुढचा आठवडा घालवतात.

टीएसएच नॉर्मल आल्यावर चालणं तीस-चाळीस मिनिटांवर न्या, आठवड्यात १५० मिनिटं भरली की उत्तम. मग जिमला जायला माझी हरकत नाही. ट्रेनरला स्पष्ट सांगा : पहिले दोन महिने उड्या नाहीत, दमेपर्यंत सेट नाहीत, दोन सेटच्या मध्ये मला जास्त विश्रांती लागेल.

हिल मॅरेथॉनचं. यंदा नाही. मला माहीत आहे हे वाचून तोंड उतरेल, पण कारण ऐका. शर्यतीच्या वाटेवरचा यवतेश्वराचा घाट चढताना दम जातो, पाय जात नाहीत. पाय जातात ते उतरताना. चढताना स्नायू आकसत काम करतो. उतरताना तो ताणला जात असताना ब्रेक लावत असतो, आणि तंतूंना बारीक इजा होते ती या ब्रेक लावण्यात. अजिंक्यताऱ्यावर पहिल्यांदा गेलेल्या धडधाकट माणसाच्याही मांड्या दोन दिवसांनी धरतात त्या या उतरणीमुळे. तुमचे स्नायू आधीच सैल व्हायला कुरकुरताहेत, त्यांच्यावर दहा-अकरा किलोमीटरची उतरण घालायची वेळ ही नाही. दिवाळीनंतर अजिंक्यताऱ्याच्या वाटेवरच्या ‘चार भिंती’ या स्मारकापर्यंत चढायला लागा, पण उतरताना रमतगमत उतरा. तिथलं दोन दिवसांनंतरचं गणित जमलं की वरपर्यंत. पुढच्या वर्षी सप्टेंबरला पळा, नक्की पळा. यंदा मैत्रिणींसाठी घाटात लिंबू सरबत घेऊन उभ्या राहा, ती जागा काही कमी मानाची नाही.

थायरॉइडवाल्याने मोठं काही करायचं नाही असा याचा अर्थ नव्हे. अमेरिकेची धावपटू गेल डेव्हर्स ग्रेव्ह्ज आजाराने, म्हणजे उलट्या बाजूच्या, जास्तीच्या थायरॉइडने, खंगली होती, आणि त्यावरच्या किरणोत्सारी उपचारांच्या काळात पाय इतके सुजले की १९९१ मध्ये ते कापायची वेळ आली होती. त्या किरणोत्सारी आयोडीनच्या उपचारानंतर तिला ही हार्मोनची गोळी घ्यावी लागली, आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये १०० मीटरचं सुवर्ण तिने जिंकलं. मी पेशंटना हे सांगते तेव्हा ते फक्त सुवर्ण ऐकतात. मधलं दीड वर्ष कुणी विचारत नाही.

वजनाबद्दल खरं सांगू का? थायरॉइडच्या डोक्यावर आपण जरा जास्तच किलो टाकतो. आजारामुळे वाढणारं वजन बहुतेकांत दोन ते साडेचार किलोंच्या आसपास असतं, आणि त्यातलं बरंचसं अंगात साठलेलं मीठ आणि पाणी. गोळी लागू पडली की ते जातं. चेहऱ्यावरची, पापण्यांवरची सूज आधी उतरते. उरलेलं वजन चारचौघांच्या वजनासारखं, ते चारचौघांच्याच वाटेने जातं. पण रात्रीचं जेवण सोडू नका. उपासमार झाली की शरीर टी४ पासून, म्हणजे गोळीतल्या थायरॉक्सिनपासून, टी३ बनवणं कमी करतं, आणि काम करणारं हार्मोन तर टी३ च आहे. म्हणजे बाटलीतून घालायचं आणि ताटातून काढून घ्यायचं. पोळी-भाकरी थोडी कमी करा, डाळ, उसळ, ताक, अंडी वाढवा. स्नायू बांधायला वाळू-सिमेंट लागतं.

काही जणी वजनासाठी स्वतःच्या मनाने एकाची दीड गोळी करतात. हे कृपा करून नको. जास्तीच्या डोसाने वजनाआधी स्नायू आणि हाडं झिजतात, आणि हृदयाचा ठेका बिघडू शकतो. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी मिनिटभर नाडी मोजून वहीत लिहा. माझी निदानाच्या वेळी ५४ होती, बरी झाल्यावर ६८-७० वर स्थिरावली. तुमची नेहमीची नाडी कळली की ती कारणाशिवाय पंधरा-वीसने वर राहू लागली, झोप उडाली, हात थरथरले तर डोस जास्त झाला असेल हे तुम्हालाच आधी कळेल.

खाण्याची भीती किती बाळगायची? कोबी-फ्लॉवर शिजवून खुशाल खा. बाजरीत थायरॉइडला अडवणारे घटक असतात हे खरं, पण त्याचा त्रास दिसला तो जिथे आयोडीन कमी आणि दोन्ही वेळा बाजरीच अशा भागांत. हिवाळ्यातली तीळ लावलेली भाकरी माझ्या सांगण्यावरून कुणी सोडू नये. उलट हल्ली घरोघरी सैंधव आलंय, त्याची मला जास्त काळजी वाटते. त्यात मीठ-कंपन्या घालतात तसं आयोडीन नसतं, आणि घरात मुलं किंवा गरोदर बाई असेल तर हा साधा बदल महागात पडतो. दुसऱ्या टोकाला समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल, ‘थायरॉइड सपोर्ट’ वगैरे. जादा आयोडीनने तुमच्या प्रकारचा आजार बिघडूही शकतो. बाटली ठेवून द्या.

तुमचा प्रकार म्हणजे हाशिमोटो. जपानी सर्जन हाकारू हाशिमोटोने १९१२ साली वर्णन केलेला. शरीराचीच फौज ग्रंथीवर उलटते. ही फौज सर्वांगासनाने माघारी फिरत नाही. आसन चांगलं आहे, येत असेल तर करा. मानेचा स्पाँडिलायटिस, वाढलेलं ब्लडप्रेशर किंवा काचबिंदू असेल तर करू नका. पण आसन सुरू केलं म्हणून गोळी बंद करून टीएसएच ८० घेऊन आलेले पेशंट मी दरवर्षी बघते. आयुष्यभर गोळी, हे शब्द जड वाटतात खरे. १८९१ मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसलमध्ये जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने ४६ वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. ती पुढे २८ वर्षं जगली, ७४ व्या वर्षी गेली, आणि तोवर शेकडो मेंढ्यांच्या ग्रंथी तिच्यासाठी खर्ची पडल्या. तुम्हाला मोहरीएवढी गोळी आहे. आणि एकट्या तुम्हालाच नाही : २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत, ज्यात मुंबई आणि गोवाही होते, सुमारे ११ टक्के प्रौढांत थायरॉइड कमी आढळला. तुमच्या शाळेच्या स्टाफरूममध्येच अजून दोघी-तिघी निघतील.

थकवा फक्त थायरॉइडचाच असेल असंही धरू नका. या आजारात पाळी जास्त जाते, त्याने रक्त कमी होतं, आणि हिमोग्लोबिन नऊ असताना कुठलाही व्यायाम पाय ओढतच होणार. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२, व्हिटॅमिन डी एकदा बघून घ्या. कोलेस्टेरॉलची गोळी चालू केली असेल तर डॉक्टरांना आठवण करा; थायरॉइड अर्धवट असताना त्या गोळीने स्नायू दुखण्याची शक्यता वाढते, आणि पुष्कळदा टीएसएच सुधारला की कोलेस्टेरॉल आपणहून उतरतं. खांदा आखडणं, रात्री बोटांना मुंग्या येणं हेही याच घरचे पाहुणे. दिवस राहिले तर मात्र पुढच्या तपासणीची वाट न बघता लगेच फोन करायचा, डोस पहिल्या आठवड्यांतच वाढवावा लागतो.

आणि हे झालं तर व्यायाम तिथेच थांबवून दवाखाना गाठायचा : छातीत दाब किंवा जबड्या-हाताकडे जाणारी कळ, चक्कर येऊन पडणं, धडधड जी बसल्यावरही थांबत नाही, आणि कडक व्यायामानंतर काळ्या चहासारखी लघवी. शेवटचं लोक अंगावर काढतात. स्नायू फुटून त्यातला रंग किडनीत उतरत असतो, त्यात तास मोलाचे असतात. तुमच्या तीन वेळांपैकी एकदाही लघवीचा रंग बदलला होता का, हे मला कळवा. बदलला असेल तर वर लिहिलेलं सगळं आणखी सावकाश घ्यायचं आणि आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची तपासणी, बघायचं.

पुढचं रक्त डोस बदलल्यावर सात आठवड्यांनी द्या. टीएसएचबरोबर फ्री टी४ आणि या खेपेला सीपीकेही सांगा. त्या सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर घ्या. केसांसाठी बायोटिन हे व्हिटॅमिन घेत असाल तर तीन दिवस आधी थांबवा, त्याने मशीनचे आकडे फसतात. आणि सीपीकेच्या आधी चार-पाच दिवस खुर्चीच्या उठबशाही बंद ठेवा, नाहीतर व्यायामाने वाढलेला आकडा आजाराच्या नावावर लिहिला जाईल आणि आपण दोघी उगाच घाबरू.